पारण्याआधी

फुलवंताबाई शहाद्याच्या बसमधून उतरल्या आणि घरात पाऊल टाकायच्या आधी त्यांनी मांडववाल्याला झापलं.

"तोंड इकडे कसाले करं रे? ऊन सरळ पाटवर यी ना!"

मांडववाल्याने निमूट दोऱ्या सोडल्या. हस्तीमलशेठच्या या थोरल्या बहिणीशी वाद घालून कुणी जिंकल्याचं रनाळ्यात ऐकिवात नव्हतं. खुद्द हस्तीमल साठी ओलांडून गेला तरी तिच्यापुढे अजून खाली मान घालूनच उभा राहायचा.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, चार दिवसांवर आली होती. गावात झोके बांधून झाले होते, माहेरवाशिणी यायला लागल्या होत्या, पण हस्तीमलच्या घरची गडबड वेगळी. बायकोचं, हुलासबाईंचं वर्षीतप त्या दिवशी पुरं व्हायचं होतं. एक दिवस उपवास, त्यात फक्त उकळलेलं पाणी. दुसऱ्या दिवशी दोन वेळा जेवण. असं तेरा महिने. शेवटी अक्षय तृतीयेला उसाच्या रसाने पारणं. त्यासाठी मांडव, त्यासाठी पत्रिका, आणि त्यासाठीच दुकानाच्या पाटीपेक्षा मोठा बॅनर, ज्यावर हुलासबाई हात जोडून उभ्या होत्या आणि खाली 'तपस्विनी' असं लिहिलं होतं.

फुलवंताबाईंनी बॅनरपुढे थांबून पदर सावरला, हात जोडले आणि मग आत गेल्या.

आत स्वयंपाकघरात सून आयुषी एकटीच होती. डोळे सुजलेले. फुलवंताबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"काय व्हयनं व बिंदणी? नवरासंगे भांडनी का?"

"नाही भुवाजी. बसा तुम्ही आधी."

आयुषी नाशिकची. या घरात शुद्ध मराठी बोलणारी ती एकटी. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या रनाळ्यात कापड विकून मारवाडी आता फक्त स्तवनांत आणि लांबच्या पाहुण्यांपुढे उरली होती. एरवी सगळे गावासारखेच अहिराणीत बोलायचे.

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सांगून टाकलं. मम्मींच्या गळ्याखाली घास अडकतो. मागच्या पंधरवड्यात खिचडीचा घास असा अडकला की चेहरा काळानिळा पडला. नंदुरबारला दाखवलं, त्यांनी सुरतला पाठवलं. सुरतला दुर्बीण घातली. अन्ननलिकेत काहीतरी वाढलंय, त्याचा तुकडा तपासायला दिलाय. रिपोर्ट आज-उद्या येईल.

फुलवंताबाईंनी तांब्या तोंडाला न लावताच खाली ठेवला.

"आनि माले आते सांगी ऱ्हायनात? फोनवर सांगाले काय व्हयनं व्हतं?"

"मम्मीच नको म्हणाल्या. म्हणाल्या, भुवाजींचा जीव टांगणीला लागेल."

"मंग आते नही लागना का?" फुलवंताबाई म्हणाल्या, आणि नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत पदराने पुसत राहिल्या.

आयुषीला मागचं एकेक आठवायचं आणि स्वतःचा राग यायचा. सासूबाईंनी तळलेलं सोडलं, तेव्हा सगळे म्हणाले रसत्याग. खाकरा-पापड सोडले, तेव्हा म्हणाले जिभेवर विजय. ताटात दोनच पदार्थ घ्यायला लागल्या, तेव्हा म्हणाले द्रव्यांची मर्यादा. अर्धी पोळी खाऊन उठायला लागल्या, तेव्हा तर जैन स्थानकातल्या बायकांनी कौतुकाने माना डोलावल्या. ऊणोदरी, भुकेपेक्षा कमी खाणं, हेही तपच. गळ्याची हाडं वर आली तेव्हा कुणीतरी म्हणालं, तेज बघा कसं चढलंय. दुसऱ्या कुठल्याही घरात बाई अशी वाळली असती तर घरच्यांनी दिवाळीतच दवाखाना गाठला असता. इथे प्रत्येक लक्षणाला आधीच एक चांगलं नाव होतं.

"आनि डॉक्टर काय सांगस?"

"दर दोन तासांनी काहीतरी पोटात गेलं पाहिजे. दूध, डाळीचं पाणी, पावडर. अशक्तपणा एवढा आहे की पुढचं जे काही करायचं ते करताच यायचं नाही. उपवास ताबडतोब बंद, असं सांगितलंय."

"मंग?"

"मंग काय," आयुषीच्या तोंडून अहिराणीच निघालं. "आज उपवास आहे त्यांचा."

*

ओसरीवर बैठक बसली. हस्तीमल तक्क्याला टेकून, मुलगा रिषभ मोबाइल मांडीवर उलटा ठेवून, फुलवंताबाई मधोमध आणि आयुषी दाराच्या चौकटीला टेकून. हुलासबाई आतल्या खोलीत माळ घेऊन बसल्या होत्या. दार उघडंच होतं. या घरात आतल्या माणसाला ऐकू जाऊ नये असं बोलायची सोय कधीच नव्हती.

"चार दिन ऱ्हायनात," फुलवंताबाई म्हणाल्या. "तेरा महिना काढात तिनी, चार दिन नही निंघतीन? त्यामा बी दोन दिन उपास, दोन दिन खावाना. मंग पारनं करा आनि सुरतले जाय. तोडाले एक घडी लागस. तोडेल परत जोडता येत नही."

"भुवाजी, चार दिवसांत त्यांना चक्कर येऊन काही झालं तर?"

"तपमा कोनले काही व्हत नही."

"असं कसं होत नाही?" आयुषीचा आवाज चढला. तो चढला हे तिच्याच लक्षात आलं आणि ती खाली बघायला लागली. पण माघार घेतली नाही. "त्यांना आजार आहे, भुवाजी. तो काय उपवास बघून थांबणार आहे?"

फुलवंताबाईंनी भाच्याकडे पाहिलं. सुनेला उत्तर भाच्याने द्यावं, हा त्यांचा जुना कायदा.

रिषभ दोन्हीकडून सापडला होता. सुरतच्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये तो आयुषीच्या बाजूचा होता. घरी आला, मांडव पाहिला, की आत्याच्या बाजूचा व्हायचा. त्याला खरं तर कुठलीच बाजू नको होती, त्याला फक्त तो फोन यायला हवा होता.

"पत्रिका गयात," तो म्हणाला. "संघना लोके येतीन. धुळ्याहून साध्वी महासतीजी पायी विहार करी यी ऱ्हायन्यात, एवढा उन्हामा. आते नही कसं सांगानं? आनि रिपोर्ट चांगला बी येवू शकस ना? मंग उगाच तोडं असं व्हई."

"आणि वाईट आला तर उगाच ठेवलं असं होईल," आयुषी म्हणाली.

बाहेर मांडववाला खांब ठोकत होता. फुलवंताबाईंनी भावाकडे मोर्चा वळवला.

"तू काय बठेल शे पुतयानामायक? बोल ना."

हस्तीमल अंगणाकडे बघत होता. ओसरीतून बॅनर पाठमोरा दिसत होता, पण उन्हामुळे पलीकडचा फोटो आरपार उमटला होता. फोटो दिवाळीचा. फोटोग्राफरला त्यानेच नंदुरबारहून बोलावलं होतं आणि बायकोला नवी साडी नेसायला लावली होती. तिचा गळा किती बारीक झालाय हे तेव्हा त्याच्या डोळ्यांना दिसलंच होतं. दिसलं, आणि अभिमान वाटला. आता तो फोटो त्याला बघवत नव्हता, आणि उठून दोरी कापायचा धीरही होत नव्हता.

"माले काय इचारतस?" तो म्हणाला. "जिनं तप शे तिले इचारा."

*

आत हुलासबाईंच्या हातातली माळ केव्हाच थांबली होती.

चौघंही आपापल्या परीने आपली काळजी करताहेत हे त्यांना कळत होतं. आयुषीचं बोलणं तर त्यांना गोड वाटलं. लग्न होऊन आली तेव्हा ही पोर आवाज वर करेल असं कुणी म्हटलं असतं तर त्या हसल्या असत्या. पण एक गोष्ट त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हती, आणि ती सांगायची कशी हे हुलासबाईंना उमगत नव्हतं.

त्यांना उपवासाचा दिवस आवडायचा. पुण्यासाठी नाही. उपवासाच्या दिवशी ताट समोर येत नसे. घास तोंडात फिरवत बसायचा नाही, तो कुठपर्यंत गेला याचा अंदाज घेत छातीवर मूठ दाबायची नाही, कुणी बघतंय का म्हणून मान वर करायची नाही. त्या दिवशी त्या इतर बायकांसारख्या धडधाकट असायच्या. अंगण झाडायच्या, शेजारच्या रंजनाबाईंशी पापडाच्या गप्पा मारायच्या. मग संध्याकाळ झाली की उद्या जेवणाचा दिवस, हे आठवून त्या गप्पा अर्ध्यावर सोडून उठायच्या. तप तोडायचं म्हणजे रोजच जेवणाचा दिवस. दर दोन तासांनी जेवणाचा दिवस. डॉक्टरने हसत हसत सांगितलं होतं ते.

दुर्बिणीसाठी रिकाम्या पोटी या म्हणाले होते, तेव्हा मात्र त्यांना हसू आलं होतं. एवढं एकच काम त्यांना फार चांगलं जमत होतं.

फुलवंताबाई आत आल्या. हातात उकळून कोमट केलेल्या पाण्याचा पेला. नणंद-भावजयीचं उभ्या जन्मात फारसं पटलं नव्हतं. पण तपाच्या वेळी फुलवंताबाईंनी दर महिन्याला शहाद्याहून येऊन साता, म्हणजे तप करणारीची खुशाली, विचारली होती, ती वरवरची नव्हती.

"ले. सूर्य माथावरथीन गया. पानी तरी पेयेल शे का?"

"पिसू ना, बाईसा. ठेवा."

"मन्हासमोर पे."

हुलासबाईंनी पेला घेतला. एक घोट घेतला. तो तोंडात धरला. डोळे मिटले. गळा वर-खाली झाला. आणि मग छातीत काहीतरी अडल्यासारखं त्या पुढे वाकल्या, आणि घोट नाकातोंडातून पदरावर परत आला.

फुलवंताबाई उभ्याच होत्या. त्यांना वाटलं होतं घास अडकतो म्हणजे पोळी, भाकरी, खिचडी. दातांचं दुखणं असावं तसलं काहीतरी. पाणी परत येताना त्यांनी आजवर फक्त मरणाच्या खाटेवर पाहिलं होतं.

"पानी बी जात नही?"

हुलासबाई पदर पुसत राहिल्या.

"हुलास, मी इचारी ऱ्हायनू. कवयपासून?"

"घास दिवायीपासून अटकस. पानी आते, सुरतहून उनूत तवयपासून. थोडं थोडं करीसन जास. घोट घिदा ते परत येस."

"मंग बोलनी का बरं नही?"

"काय बोलती? उपासना दिन माले काहीच व्हत नही, बाईसा. त्या दिनले मी बरी ऱ्हास. कोनी ताटमा दखत नही." पेला खाली ठेवून त्या एका दमात म्हणाल्या, "खावाना दिनले माले भ्याव वाटस. लई भ्याव वाटस."

फुलवंताबाई भावजयीच्या शेजारी खाली बसल्या. त्यांचे गुडघे दुखायचे, जमिनीवर बसणं त्यांनी सोडलं होतं. बसल्या आणि हुलासबाईंचं मनगट हातात घेतलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या.

मग ओसरीकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. मांडववाल्यालाही ऐकू गेली असावी.

"हस्ती! ऊठ. ऊसना रस लयी ये. पारनं आज व्हई."

*

ओसरीवरचे तिघेही दारात आले. आयुषीला आधी खरंच वाटेना.

"तुमीच ते सांगी ऱ्हायनथात, चार दिन..." रिषभ चाचरला.

"तवय सांगं, आते हाई सांगी ऱ्हायनू. तू माले शिकाडू नको." फुलवंताबाई भावजयीचं मनगट सोडत नव्हत्या. "तपना नेम, पच्चक्खाण लेतस तवय त्यामा आगार ऱ्हातस. सवलत. जीव घाबरा व्हयना, समाधी मोडाले लागनी, ते दवा-पानी लेता येस. हाई काय मी आज बनाडेल नही शे. भगवंतले बी माहीत व्हतं, मानूस शे म्हनीसन."

"नही," हुलासबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"तुमी सगळा मिळीसन ठरावा. माले कोनी इचारं? लोके काय म्हनतीन? तेरा महिना करं आनि चार दिन राखता उनं नही. मन्ही माय वर्षीतप करता करता अर्धामा राही गयी. तिनं बी मी पुरं करी ऱ्हायनथू." त्या आता रडत होत्या, उघड, सुनेसमोर. "फक्त चार दिन ना हो. चार दिनमा मी काय मरी जासू?"

हा प्रश्न नवऱ्याला होता. हस्तीमल उंबऱ्यावर उभा होता. दुकानात गिऱ्हाइकाशी तासन् तास बोलणारा हा माणूस घरात कामापुरतं बोलायचा. बायकोशी तर चाळीस वर्षांत दोन माणसांदेखत मनातलं असं काही बोललेलं कुणाला आठवत नव्हतं.

"माले ठाऊक नही," तो म्हणाला. "चार दिनमा काय व्हई, माले ठाऊक नही. रिपोर्टमा काय येस तेबी ठाऊक नही. मी तुन्हा फोटो लावा, गाडी भरी भरी लोके बलावात. एकदाव बी इचारं नही, तू काय खास." तो उंबरा ओलांडून आत आला. "लोकेसले मी सांगसू. महासतीजींसले मी सांगसू. माले तुन्हं तप नको. माले तू जोयजे."

आयुषीने मान फिरवली. रिषभ मोबाइलकडे बघायला लागला, त्यात काही नव्हतं तरी. फुलवंताबाई मात्र भावाकडे टक लावून बघत होत्या.

हुलासबाईंनी नाक पुसलं.

"रसमा आलं नको," त्या म्हणाल्या.

*

फाट्यावरच्या रसवंतीवर आखाजीच्या बाजाराला निघालेल्यांची गर्दी होती. हस्तीमल स्टीलची बरणी घेऊन पुढे घुसला.

"पहिले चरखा धू. चांगला धू."

"शेठ, तुमले आलं नही टाकत, बस ना?"

"आगला गिऱ्हाइकनं आलं चरखामा लागेल शे. कंदमूळ नही चालत. धू."

रसवंतीवाल्याने कपाळाला हात लावला आणि बादली उचलली. रांगेतला एक जण म्हणाला, "शेठ, तुमीच वर्षीतप करं का काय?" दोघं-तिघं हसले. एरवी हस्तीमलही हसला असता, उलट दोन टोमणे मारले असते.

"बायकोना गयाखाले पानी उतरत नही," तो म्हणाला. "तिनासाठे शे."

घरच्यांबाहेर हे तो पहिल्यांदाच बोलत होता. बोलून टाकलं, आणि बोलण्यासारखीच गोष्ट होती असं त्याला वाटलं. रांगेत पुढे केळीवाला लोटन उभा होता, प्रकाशा गावाकडचा गुजर. त्याने आपली पिशवी बाकावर ठेवली आणि स्वतः उसाच्या दोन कांड्या निवडून पुसायला घेतल्या.

"मन्हा नंबर तुमले," तो म्हणाला. "बरफ नको ना?"

"नको."

पहिली कांडी चरखा साफ व्हायला वाया घालवली. दुसरीचा रस बरणीत घेतला. परत येताना हस्तीमलने स्कूटर इतकी सावकाश चालवली की मागून बैलगाडी पुढे गेली.

*

पारण्याला चांदीचा घडूला आणलेला होता. तो कपाटातच राहिला. फुलवंताबाईंनी नमोकार म्हटला, मग पच्चक्खाण पारण्याचा पाठ. हुलासबाई पाटावर बसल्या. हस्तीमलने चहाचा चमचा रसात बुडवला.

पहिला चमचा गेला. सगळ्यांचे डोळे त्यांच्या गळ्यावर.

"असं दखू नका ना माले," त्या म्हणाल्या.

मग आयुषी उगाच पदार्थांचे डबे लावत बसली आणि फुलवंताबाई मांडव ठेवायचा की काढायचा हे मांडववाल्याला सांगायला उठून पुन्हा बसल्या. चमचा, मग थांबायचं. छातीवर हात फिरवायचा. पुन्हा चमचा. एकदा रस परत आला. हस्तीमलने रुमालाने पुसलं आणि थोडं थांबून पुन्हा चमचा भरला. त्याला हे काम येत नव्हतं, निम्मा चमचा साडीवर सांडायचा. पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही.

उजेड कमी होत होता. पेला अर्धा झाला होता तेव्हा रिषभचा फोन वाजला.

तो उठून अंगणात गेला. आतून त्याची पाठ दिसत होती. तो फारसं बोलत नव्हता; "हां", "हां", "दोघांनी?" एवढंच. मग फोन बंद करूनही तो तिथेच उभा राहिला. शेवटी आत आला.

"रिपोर्ट उना. फोनवर नही सांगत," तो म्हणाला. "उद्या सकाळले बलावं शे. मोठा डॉक्टरले भेटा म्हने. घरना मानूस संगे लयी या म्हने."

चांगली बातमी असती तर फोनवरच सांगितली असती, हे पाचही जणांच्या मनात आलं आणि पाचही जणांनी ते बोलायचं टाळलं. तुकडा तपासला तर सगळ्यांनाच बोलावत असतील, असंही होतं. आयुषी तेच म्हणाली. रिषभ म्हणाला, हां, तसंच असणार.

"सकाळची गाडी मिळी," फुलवंताबाई म्हणाल्या. "मी बी येस."

बाहेर सूर्य बुडाला. फुलवंताबाईंचा हात सवयीने कोनाड्यातल्या दिव्याकडे गेला. हस्तीमलनेही चमचा पेल्यात ठेवला. कुणी ठरवून केलं नव्हतं. सूर्यास्तानंतर या घरात पाणीसुद्धा कुणी घेत नसे. हुलासबाईंनी तर सासरी आल्यापासून नाही, त्याआधी माहेरीही नाही. बाळंतपणातसुद्धा नाही.

आयुषीने आत्याकडे पाहिलं. फुलवंताबाई दिव्याच्या वातीशी खेळत होत्या. सवलत सांगणं सोपं होतं. दर संध्याकाळी ती घ्यायला लावणं त्यांच्याही जिवावर आलं होतं. खोलीत अंधार झाला.

हुलासबाईंनी पेल्याकडे पाहिलं. त्यांना अजून भीती वाटत होती. ती कमी झाली नव्हती, उलट फोन आल्यापासून वाढलीच होती.

"बत्ती लाव व आयुषी," त्या म्हणाल्या.

बल्ब लागला. भिंतीवर सगळ्यांच्या सावल्या पडल्या.

"चमचा खाले कसाले ठेवा?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "उद्या सुरत जावानं शे ना?"

हस्तीमलने पेला उचलला. चमचा भरला. हुलासबाईंनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.